पहिल्या जागेचा लिलाव

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या नव्या शोधयंत्राविषयी एक निबंध लिहिला. त्याच्या परिशिष्टात एक इशारा होता. जाहिरातींवर पोसले जाणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोध घेणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल, असा त्याचा आशय होता. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २००० मध्ये, याच दोघांच्या गूगल कंपनीने ३५० जाहिरातदारांना घेऊन ‘ॲडवर्ड्‌स’ ही शोधाच्या पानावरील जागा विकण्याची योजना सुरू केली. आज कंपनीच्या उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा भाग शोधाशी निगडित जाहिरातींतून येतो. विद्यार्थ्यांचा इशारा चुकला होता, असे म्हणण्यास फारसा आधार उरलेला नाही.

जागा विकण्याची कल्पना मुळात गूगलची नव्हे. बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या कंपनीने १९९८ मध्येच उत्तरांच्या यादीतील क्रम लिलावाने विकण्यास प्रारंभ केला होता. या उघड व्यापारास अनेकांनी नाके मुरडली. परंतु गोटूच्या पानावर नोंदीशेजारी जाहिरातदार किती पैसे मोजतो, तो आकडाच दिलेला असे. व्यवहार बाजारी होता, पण झाकलेला नव्हता. गूगलने २००२ पासून केवळ बोलीवर क्रम न ठरविता जाहिरातीवर टिचकी पडण्याची शक्यताही हिशेबात धरली. पैसे टिचकीमागे मिळावयाचे असल्याने, दहा रुपयांच्या बोलीवर शंभरांत एक टिचकी आणि चार रुपयांच्या बोलीवर शंभरांत पाच टिचक्या, यांत दुसरा जाहिरातदारच कंपनीस अधिक लाभाचा. गणित निर्दोष आहे. मात्र त्यामुळे टिचकीची शक्यता वाढविणे यातच कंपनीचा थेट स्वार्थ गुंतला.

ही टिचकी पडते कशामुळे? मजकूर चांगला असतो म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या नजरेचा मागोवा घेणारे प्रयोग केले. त्यांतील काहींना गूगलची यादी नकळत उलटी करून दाखविण्यात आली. म्हणजे दहावे उत्तर पहिले आणि पहिले दहावे. तरीही वरच्या जागांकडे त्यांचा ओढा राहिलाच. यादी उलटली, विश्वास मात्र जागेला चिकटून राहिला. वर जे आहे ते कोणीतरी तोलून-मापून वर ठेवले असले पाहिजे, असे मनुष्य गृहीत धरतो. हा विश्वास जाहिरातीने कमावलेला नाही. तो तिच्याखालच्या विनामूल्य उत्तरांनी वर्षानुवर्षे कमावला, आणि आता तो जाहिरातदारास भाड्याने दिला जात आहे.

अर्थात, ही जाहिरात आहे असे वाचकास ठळकपणे कळले, तर भाड्याच्या या व्यवहारात फसवणूक उरत नाही. प्रश्न त्या ठळकपणाचाच आहे. प्रारंभी पानाच्या उजव्या बाजूस जाहिरातींचा स्वतंत्र स्तंभ असे आणि वरच्या जाहिरातींमागे फिका रंग असे. २०१३ मध्ये रंगीत पट्ट्याऐवजी लहान पिवळी खूण आली. २०१६ मध्ये ती हिरवी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत संगणकाच्या पानावरील उजवा स्तंभ काढून टाकण्यात आला आणि व्यापारी स्वरूपाच्या शोधांवर माथ्यावर चारपर्यंत जाहिराती देण्याचे धोरण आले. २०२० च्या जानेवारीत खूण साध्या काळ्या अक्षरांत आणून शेजारच्या उत्तरांनाही तशीच चिन्हे दिली गेली, तेव्हा एवढी टीका झाली की कंपनीस मांडणीचा फेरविचार करावा लागला. २०२२ मध्ये ‘प्रायोजित’ या अर्थाचा शब्द आला. शब्दाचाही परिणाम असतो. हार्वर्डमधील बेंजामिन एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘पैसे घेऊन दिलेली जाहिरात’ असे स्पष्ट लिहिताच टिचक्या सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. स्पष्टपणाची किंमत एवढी असेल, तर तो आपखुशीने कोण पत्करील?

जाहिरातीही उपयुक्त असतात, असा प्रतिवाद केला जातो. तो खोटा नाही. पंपसेट विकत घ्यावयास निघालेल्या माणसास विक्रेत्याची जाहिरात हेच उत्तर असू शकते. परंतु खुद्द जाहिरातदारही या व्यवस्थेत सुखी आहे असे नाही. ‘ई-बे’ने २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर आपल्याच नावाच्या शोधावरील जाहिराती थांबविल्या. त्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के खालच्या विनामूल्य उत्तरातून परत आल्या, असे तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. आपल्याच घरी येणाऱ्या पाहुण्यासाठी वेशीवर जकात भरण्यासारखा हा प्रकार. ई-बे ती थांबवू शकली, कारण तिचे नाव मोठे. लहान व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर बोली लावली नाही, तर प्रतिस्पर्धी लावतो. अशाच वादात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये, नोंदणीकृत नाव शोधशब्द म्हणून विकण्यात गूगल केवळ त्रयस्थ नाही, असे म्हटले, ते योग्यच झाले.

सर्वांत जास्त झळ बसते ती गरजूस. पैसे अडकले म्हणून बँकेच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधणारा माणूस पान चाळीत बसत नाही; वर दिसेल तो क्रमांक फिरवितो. शोधाच्या पानावर बनावट क्रमांक झळकवून होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आपल्या पुस्तिकेत सावध केले आणि क्रमांक बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, असा सल्ला दिला. सल्ला रास्त आहे. पण सावधगिरीचा सारा भार तो शोधणाऱ्यावरच टाकतो.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये शोधयंत्रांना जाहिरात वेगळी दाखविण्याविषयी पत्रे लिहिली. आपल्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला. अमेरिकन न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीची मक्तेदारी बेकायदा ठरविली. यांतील दंड आणि निकाल प्रामुख्याने स्पर्धेपुरते आहेत. वाचकाच्या डोळ्यांपुढील खुणेचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. वृत्तपत्रांनी या बाबतीत शहाजोगपणा मिरवू नये हेही खरे. २००९ च्या निवडणुकांतील विकाऊ बातम्यांचे प्रकरण कोणी विसरलेले नाही. पण निदान तेथे बातमी आणि जाहिरात यांत फरक राखण्याचा दंडक मान्य तरी आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना चकविणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. तीत ‘वेषांतर केलेली जाहिरात’ ही एक आहे. तिच्या व्याख्येत बातम्या आणि वापरणाऱ्यांचे लिखाण यांची उदाहरणे आहेत. शोधाच्या पानाचाही तीत स्पष्ट समावेश करावा आणि खुणेचा शब्द, आकार व रंग नियमानेच ठरवून द्यावा. सिगारेटच्या पाकिटावरील इशारा केवढा असावा, हे सरकारने उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही.