रोल्स-रॉइसची चिलखती गाडी: नगर, आयर्लंड, अमृतसर

बंगळूरहून आज आपण चिलखती गाड्यांबद्दल बोलू. नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, रणगाडा संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. 1994 मध्ये जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते ते सुरू झालं. लोक पॅटन रणगाड्यापाशी फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तिथंच एक रोल्स-रॉइस उभी आहे, सिल्व्हर घोस्ट जातीची, अंगावर पोलादी पत्रे चढवलेली. तिच्यापुढे पाच मिनिटं थांबा.

1914 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने ही कल्पना लढवली. सांगाडा आलिशान मोटारीचाच, 7.4 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, वर फिरता टरेट आणि त्यात .303 ची व्हिकर्स मशीनगन. वजन चार टनांच्या वर, म्हणून मागे जोडचाकं. पण हा रणगाडा नव्हे. चांगल्या रस्त्यावर ती झपाट्याने धावते. चिखलात किंवा खडबडीत जमिनीवर मात्र तिचा उपयोग कमी होतो.

आयर्लंडमध्ये हे नीट दिसलं. 1922 च्या यादवीत ब्रिटिशांनी नव्या आयरिश सरकारला अशा 13 गाड्या दिल्या. 22 ऑगस्टला सरसेनापती मायकेल कॉलिन्स कॉर्क परगण्यात फिरत होते. ताफ्यात पुढे मोटारसायकलस्वार, मग सैनिकांचा ट्रक, कॉलिन्सची उघडी मोटार आणि शेवटी ‘स्लीव्ह नामॉन’ नावाची रोल्स-रॉइस. बेल ना ब्ला इथे करारविरोधी गटाने दबा धरला होता. गोळीबार सुरू झाला, चिलखती गाडीची व्हिकर्स चालली आणि मध्येच अडकली. कॉलिन्स मोटारीतून उतरून रस्त्यावर लढत राहिले आणि डोक्यात गोळी लागून गेले. सोबत चिलखत असताना सेनापतीने उघड्यावर का लढावं, हे मला फौजी म्हणून आजही पटत नाही. पुढे डिसेंबरात तिचा मशीनगनवाला गाडीसकट शत्रूला जाऊन मिळाला! ती नंतर परत मिळाली, आणि आयरिश सैन्याने ती अजून चालू स्थितीत जपली आहे.

आपल्याकडची आठवण याहून कडू आहे. 13 एप्रिल 1919 ला डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या त्याच्याबरोबर होत्या. बागेची वाट इतकी अरुंद की गाड्या बाहेरच ठेवाव्या लागल्या. आत जाता आलं असतं तर मशीनगनही बहुधा वापरली असती, असं त्याने हंटर समितीपुढे सांगितलं. नुसत्या रायफलींनी काय झालं ते आपण जाणतोच.

रोल्स-रॉइस महाग, म्हणून 1920 च्या दशकात हिंदुस्थानासाठी क्रॉसलीच्या सांगाड्यावर गाड्या बांधल्या. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून आतून अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर. आणि बाहेरच्या पत्र्यात वीज सोडायची सोय! तोफखान्यापुढे विजेचा काय उपयोग? ती सोय अंगाला झोंबणाऱ्या जमावासाठी होती.

1938 पासून हिंदी घोडदळाचे घोडे जाऊन गाड्या आल्या. ती हकीकत पुढच्या भागात.