श्वासातून रक्तात

2017 च्या पावसाळ्यात मी सहावीत होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. एका दुपारी बाबा फवारणी करून आले, पाठीवरचा पंप उतरवून ओसरीवर टेकले आणि त्यांच्या तोंडातून लाळ गळू लागली. दम लागला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी आईला एवढेच सांगितले, “औषध श्वासातून रक्तात गेलं.” आई म्हणाली, “पन नाकाले रुमाल बांधला होता ना!”

बाबा वाचले. त्या हंगामात जिल्ह्यातले किमान वीस शेतकरी-शेतमजूर वाचले नाहीत आणि शेकडो दवाखान्यांत पडले.

डॉक्टरांचे ते वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिले. श्वास म्हणजे हवा, रक्त म्हणजे द्रव. मध्ये काहीतरी भिंत असणारच. नाहीतर रक्त छातीत सांडले असते. मग औषध त्या भिंतीतून गेले कसे? माझा मुख्य विषय इतिहास. शरीरशास्त्राची पुस्तके शब्दकोश जवळ ठेवून वाचली. जे समजले ते येथे मांडते. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी हसू नये.

भिंत आहे, पण ती भिंत म्हणावी अशी नाही. आपल्या फुप्फुसांत तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांचे अस्तर उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर भरेल, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. आमचे सबंध घर त्याच्या निम्मे नाही! या अस्तराला लागूनच रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यातले अंतर साधारण अर्धा मायक्रॉन. डोक्याचा केस याच्या शंभरपट तरी जाड असतो.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. हे अस्तर कोरडे नसते. त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. म्हणून हवेतून आलेला कोणताही पदार्थ आधी या पाण्यात उतरतो, विरघळतो आणि मगच पलीकडे जातो. प्राणवायूसुद्धा. कार्बन डायऑक्साइड द्रवात प्राणवायूपेक्षा पुष्कळच सहज विरघळतो, म्हणून तो या पडद्यातून वीसपट सुलभतेने बाहेर पडतो.

पण विरघळलेला रेणू पुढे ढकलतो कोण? या प्रश्नावर मोठा वाद झाला आणि इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तोच भाग सर्वांत आवडला. कोपनहेगनचे ख्रिस्तियन बोर म्हणत की फुप्फुसाच्या पेशी प्राणवायू स्वतः ओढून रक्तात सोडतात. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोघ आणि त्यांच्या पत्नी डॉ. मारी क्रोघ यांनी 1910 साली दाखवून दिले की असे कोणी ढकलत नाही. जिथे रेणूंची गर्दी जास्त तिथून जिथे कमी तिकडे ते आपोआप पसरतात. यालाच विसरण म्हणतात. गुरूंच्या विरुद्ध छापायचे म्हणजे धैर्यच! इंग्लंडचे हाल्डेन यांना तरीही ते पटले नाही. 1920 साली केंब्रिजला जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी स्वतःला सहा दिवस काचेच्या खोलीत कोंडून घेतले, आतला प्राणवायू कमी करवला आणि मनगटाची धमनी उघडून रक्त तपासू दिले. रक्तातला प्राणवायू फुप्फुसातल्या हवेच्या वर काही चढला नव्हता. क्रोघ दांपत्याचेच म्हणणे खरे ठरले. अर्थात बोर यांची कल्पना अगदीच वाया गेली नाही; अस्तराच्या पेशी मीठ मात्र खरोखरच ओढून घेतात, त्यामागोमाग पाणी जाते आणि वायुकोश तुंबत नाहीत.

विसरण आपोआप होते म्हणून सगळ्यांनाच सारखी वाट मिळते असे नाही. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दोन पेशींमधली फट नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्यात विरघळणाऱ्या साखरेसारख्या पदार्थाला या फटीतूनच जावे लागते; त्याला तासन् तास लागतात. प्रथिनांचे मोठे रेणू तर दिवस दिवस अडकतात. परंतु पेशीचा पापुद्रा स्निग्ध पदार्थाचा असतो. जे तेलात विरघळते त्याला फट शोधावी लागत नाही. ते सरळ पेशीच्या अंगातूनच पार होते. अस्तराचे सबंध साडेसातशे चौरस फूट त्याला मोकळे. विडीतले निकोटिन असेच जाते. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचते. याउलट इन्सुलिन. मधुमेही माणसाला सुई टोचावी लागू नये म्हणून हुंगायचे इन्सुलिन 2006 साली बाजारात आले. त्याचा रेणू मोठा, म्हणून सुईच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा रक्तात उतरे. पुढच्याच वर्षी ते मागे घेतले गेले.

म्हणजे हा पहारेकरी ‘तू औषध की विष’ असे विचारतच नाही. ‘तू केवढा, आणि तेलात विरघळतोस का?’ एवढेच विचारतो. कपाशीवर मारायच्या फॉस्फरसयुक्त औषधांपैकी बरीचशी लहान रेणूंची आणि तेलात विरघळणारी. किड्याच्या अंगात शिरावीत म्हणूनच ती तशी केलेली असतात. आमच्या अंगाचा पापुद्रा वेगळा नाही.

आता आईचा रुमाल. फवाऱ्याचे मोठे थेंब रुमालात, नाकात, घशात अडकतात. पाच मायक्रॉनहून बारीक थेंब आणि वाफ मात्र कापडाच्या विणीतून थेट वायुकोशापर्यंत जातात. शिवाय दुपारपर्यंत रुमाल औषधाने ओला होतो आणि माणूस त्याच रुमालातून दिवसभर श्वास ओढत राहतो. भिजलेल्या सदऱ्यातून कातडीवाटे जाते ते निराळेच. फवारणीत तर तीच वाट मोठी असते.

पोळ्याला घरी गेले तेव्हा हे सारे बाबांना सांगितले. ते म्हणाले, “मंग काय दम घ्याचाच नाही का?” मी म्हटले, “घ्या, पण वाऱ्याकडे तोंड करून मारू नका. वाफ अडवणारा कोळशाचा मास्क मिळतो, तो आणू. आणि तोवर रुमाल ओला झाला की फेका.” त्यांनी मास्कची किंमत विचारली. मी सांगितली. ते गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पंपाशेजारी आईने जुन्या धोतराचे चार तुकडे फाडून ठेवले होते. बाबांनी चारही खिशात कोंबले, अंगणात उभे राहून मूठभर माती वर सोडून वारा पाहिला आणि ते धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाने वावरात शिरले.