मिरचीची आग आणि शरीराचा पहारा

हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटून झाला की हात साबणाने कितीही धुवा, जरा वेळाने कोमट पाण्यात घातले की चटका बसतोच. पाणी तेवढंच कोमट असतं, त्वचाही कुठे भाजलेली नसते. तरीही मेंदूकडे वर्दी जाते ती भाजल्याचीच. असं का होतं याचं पक्कं उत्तर 1997 साली मिळालं आणि त्याने वेदनेच्या संशोधनाची दिशाच बदलली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि मायकेल कॅटरिना यांनी उंदराच्या संवेदी चेतापेशींतली हजारो जनुकं गटागटाने दुसऱ्याच पेशींत घातली. एरवी या पेशींना मिरचीचं काहीच वाटत नाही. मग मिरचीतलं कॅप्सायसिन त्यांच्यावर टाकलं. कॅल्शियम आत शिरलं की चमक बदलणारं रंगद्रव्य पेशींत आधीच भरलेलं होतं. एका गटातल्या मोजक्या पेशी प्रतिसाद देऊ लागल्या. त्या गटाचे तुकडे पाडत पाडत शेवटी एकच जनुक हाती आलं. ते ज्या प्रथिनाचं होतं, त्याला आज टीआरपीव्ही-1 म्हणतात. चेतापेशीच्या आवरणात बसवलेलं हे एक इवलंसं दार आहे. कॅप्सायसिन चिकटलं की ते उघडतं, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि चेता पेटते. गंमत पुढेच आहे: तापमान सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरी हेच दार उघडतं. आपल्यालाही साधारण तिथूनच उष्णता सुखद न राहता दुखू लागते. मिरची आणि चटका यांची वाट एकच आहे.

कॅप्सायसिन लागलेलं असताना किंवा जागा सुजलेली असताना हा उंबरठा खाली येतो. मिरचीच्या हाताला कोमट पाणी पोळतं ते यामुळेच. उन्हाने पोळलेल्या पाठीवर रोजच्याच पाण्याचा तांब्या ओतला तरी कळ उठते, त्याचंही मुख्य कारण हेच. पक्ष्यांमधल्या या प्रथिनाची घडण थोडी वेगळी असते, त्यावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही. म्हणून पोपट लालभडक मिरची मजेत खातो आणि पक्षी मिरचीचं बी दूरवर पसरवतात.

या दाराचं घराणं मोठं आहे. त्याचा पहिला माग लागला तो फळमाशीच्या डोळ्यात. 1969 साली एक उत्परिवर्तित माशी सापडली. सतत उजेडात ठेवली की तिच्या डोळ्यातला विद्युत प्रतिसाद क्षणभर उमटून विझून जाई. त्या क्षणिक प्रतिसादावरून ‘ट्रान्झियंट रिसेप्टर पोटेन्शियल’, म्हणजेच टीआरपी, हे नाव रूढ झालं. माणसात या घराण्यातली 27 प्रथिनं आहेत. टीआरपीएम-8 गारव्याने उघडतं आणि पुदिन्याच्या मेन्थॉलनेही. बाम चोळल्यावर कपाळ गार वाटतं ते याच्यामुळे, प्रत्यक्षात कपाळ तितकं गार झालेलं नसतं. 2002 साली ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. पुढे 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. टीआरपीए-1 हे मोहरीच्या झणझणीला, कच्च्या लसणाला, धुराला आणि अश्रुधुरालाही दाद देतं. रॅटलस्नेक अंधारात सावजाची ऊब हेरतो तीही याच प्रथिनाच्या मदतीने. आपल्या सह्याद्रीतला चापडा हा सापही रॅटलस्नेकच्याच गटातला.

ही प्रथिनं फक्त जिभेवर आणि कातडीतच असती, तर त्यांचं एवढं मोल नव्हतं. पण ती मूत्रपिंडात, हाडांत, आतड्यांत, डोळ्यांतही आहेत, आणि तिथे बिघाड झाला की आजार होतो. मूत्रपिंडात गाठोड्यासारखे द्रवाचे फुगे वाढवणारा एक आनुवंशिक विकार, हाडांची वाढ खुंटणं, जन्मजात रातांधळेपणा, शरीरातलं मॅग्नेशियम घटणं, या सगळ्यांची मुळं या घराण्यातल्या कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या दोषात सापडली आहेत.

साहजिकच औषध कंपन्यांनी टीआरपीव्ही-1 वर झडप घातली. दार बंद केलं की वेदना बंद, इतका सरळ हिशेब होता. दार बंद करणारी रेणूद्रव्यं बनलीही. मात्र माणसांवरच्या चाचण्यांत काही जणांचा ताप 40 अंशांच्या आसपास गेला. हे प्रथिन शरीराची उष्णता आटोक्यात ठेवायलाही हातभार लावतं, हे तेव्हा नीट उमगलं. अशाच आणखी एका औषधाने लोकांना कढत पाण्याचा अंदाज येईना, भाजण्याचा धोका निर्माण झाला. वेदना ही शरीराची शत्रू नव्हे, पहारेकरी आहे. तिला सरसकट झोपवणारं औषध शोधण्याचा हव्यास सोडलेलाच बरा, असं माझं ठाम मत आहे.

यश मिळालं ते उलट्या वाटेने. कॅप्सायसिनचा भरपूर मारा केला की कॅल्शियमच्या पुराने चेतांची टोकं काही काळ निकामी होऊन मागे हटतात आणि काही महिन्यांत पुन्हा वाढतात. 8 टक्के कॅप्सायसिनच्या पट्टीला अमेरिकेत 2009 साली नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि 2020 साली मधुमेहींच्या पायांतल्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात, पायांवर 30 मिनिटं, आणि आराम साधारण तीन महिने टिकतो. 2025 साली तिथे कोरड्या डोळ्यांसाठी गारव्याचं प्रथिन चेतवून अश्रू वाढवणारे थेंबही मंजूर झाले.

हे वाचून कुणी घरी मिरची वाटून दुखऱ्या गुडघ्यावर लावू नये. कातडी भाजेल आणि हात चुकून डोळ्याला लागला तर हाल होतील. घरात मधुमेही माणूस असेल तर मात्र एक गोष्ट आजपासूनच करा. मधुमेहात पायांच्या चेता हळूहळू मरू शकतात, मग चटक्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचतच नाही. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्यावर अशा पायांना फोड येतात आणि त्या माणसाला ते घरी येऊन पाय धुताना दिसतात. त्यांना तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालू देऊ नका, पाय शेकायच्या पाण्याची ऊब दुसऱ्या कुणी तरी आधी पाहावी, आणि रोज रात्री तळपाय उजेडात नीट तपासावेत.