घोट्याच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : स्वरूप व आव्हाने

प्रस्तावना :
नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांनी बनलेल्या खोबणीत टॅलस हे हाड बसलेले असते. शरीराचा भार पेलणाऱ्या या सांध्यात हाड मोडते तेव्हा पुष्कळदा अस्थिबंधही तुटतात आणि खोबण ढिली होते. रॅम्से व हॅमिल्टन यांच्या १९७६ मधील प्रयोगात टॅलस बाहेरच्या बाजूस केवळ १ मिलिमीटर सरकल्यास सांध्यातील संपर्कक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उरलेल्या अल्प क्षेत्रावर सारा भार पडून कूर्चा झिजण्याचा धोका संभवतो. म्हणूनच हाडांची अचूक पुनर्रचना हे शस्त्रक्रियेचे मुख्य उद्दिष्ट ठरते.

प्रमुख आव्हाने :
१) त्वचेची स्थिती : घोट्यावर मांसल आवरण नाममात्र असते. सुजेत छेद घेतल्यास जखम न भरणे व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. निखळलेला सांधा तातडीने जागेवर बसवावा लागतो. मात्र पट्टी व स्क्रू बसविण्यासाठी सूज ओसरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबणे अनेकदा हितावह असते.

२) दोन हाडांमधील बंध : नडगी व बारीक हाड यांना जोडणारे अस्थिबंध तुटल्यास दोन्ही हाडे योग्य स्थितीत जखडावी लागतात. साध्या क्ष-किरण चित्रात निर्दोष वाटणारी रचना सीटी स्कॅनमध्ये सदोष आढळू शकते.

३) मधुमेह : मज्जातंतू बधिर झालेल्या रुग्णास वेदनेची सूचना मिळत नाही. तो अकाली भार टाकतो आणि बसविलेले स्क्रू सैल होतात वा तुटतात. अशा वेळी अधिक भक्कम जोडणी व दीर्घकाळ भारमुक्ती आवश्यक असते.

४) वार्धक्य : ठिसूळ हाडात स्क्रूची पकड कमी राहते. ब्रिटनमध्ये ६० वर्षांवरील ६२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अस्थिर अस्थिभंगात घट्ट बसणारे प्लास्टर व शस्त्रक्रिया यांनंतर ६ महिन्यांनी घोट्याची कार्यक्षमता समतुल्य आढळली. प्लास्टरच्या गटात हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण अधिक होते, तर शस्त्रक्रियेच्या गटात जखमेच्या तक्रारी अधिक होत्या.

समारोप :
तात्पर्य, या शस्त्रक्रियेचे यश केवळ हस्तकौशल्यावर अवलंबून नाही. शस्त्रक्रिया कोणावर करावी, केव्हा करावी आणि कोणाच्या बाबतीत टाळावी, हा विवेकही तितकाच निर्णायक आहे. क्ष-किरण चित्रातील हाडासोबत त्या रुग्णाची त्वचा, व्याधी व वय यांचाही विचार झाला, तरच रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर समर्थपणे उभा राहण्याची शक्यता वाढते.