परतीची वाट राखून चालणारी यंत्रणा

बँकेतलं मेनफ्रेम यंत्र सुरू होतं, तेव्हा सगळ्यात आधी ते फक्त २४ बाइट वाचतं. ऑपरेटर हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोलवर एका डिस्कचा पत्ता देतो आणि ‘लोड’ची आज्ञा सोडतो. यंत्र त्या डिस्कच्या शून्याव्या सिलिंडरच्या शून्याव्या ट्रॅकवरची पहिली नोंद उचलतं आणि मेमरीच्या शून्य पत्त्यावर ठेवतं. त्यातले ८ बाइट पुढे कुठल्या सूचनेपासून चालायला लागायचं ते सांगतात. उरलेल्या १६ बाइटांत आणखी काय वाचायचं याच्या दोन आज्ञा असतात. तेवढ्या शिदोरीवर यंत्र पुढचा, थोडा मोठा प्रोग्रॅम वाचतं, तो त्याहून मोठा वाचतो, आणि काही मिनिटांत लाखो खात्यांचे व्यवहार पेलणारी झेड/ओएस प्रणाली उभी राहते. या उठण्याला आयपीएल म्हणतात. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली, तेव्हापासून या २४ बाइटांची मांडणी मुळात तीच आहे.

ज्या डिस्कवरून हे घडतं तिला सिसरेस म्हणतात. ही सिसरेस, तिच्या शेजारच्या शेकडो-हजारो डिस्क, आणि त्यांना एकत्र बांधणारी कॉन्फिगरेशनची मजकुरी पानं सांभाळणाऱ्या माणसाला या व्यवसायात सिस्टीम प्रोग्रॅमर, बोलताना सिसप्रोग म्हणतात. मेनफ्रेमबद्दल लिहिताना लोक त्याच्या वेगाबद्दल आणि जुनेपणाबद्दल लिहितात. मला त्याच्या मांडणीबद्दल लिहायचं आहे. हे यंत्र वर्षानुवर्षं न कोसळता चालतं, त्यात लोखंडाचा वाटा मोठा आहेच. पण कुठलाही बदल करताना आधीची, चालती अवस्था जागच्या जागी ठेवायची, ही इथली रीत मला तितकीच मोलाची वाटते.

सुरुवात डिस्कपासून करू. झेड/ओएसला आजही दिसते ती ३३९० नावाची डिस्क. आयबीएमने ती १९८९ साली बाजारात आणली. एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ५६,६६४ बाइट, १५ ट्रॅकचा एक सिलिंडर, आणि ‘मॉडेल ३’ असेल तर ३,३३९ सिलिंडर, म्हणजे सुमारे २.८ गिगाबाइट. ३३९०ची खरी, फिरणारी यंत्रं केव्हाच मोडीत निघाली. आज डेटासेंटरमध्ये डीएस८००० घराण्याची स्टोरेज यंत्रं असतात आणि २०१९च्या डीएस८९००मध्ये तर एकही फिरती चकती नाही, सगळा कारभार फ्लॅश मेमरीवर चालतो. तरीही ते कपाट झेड/ओएसपुढे स्वतःला ३३९० म्हणूनच सादर करतं. ट्रॅक काल्पनिक, सिलिंडर काल्पनिक, आणि हिशोब मात्र बाइटाबाइटाचा खरा.

हा हिशोब किती खरा, ते पाहण्यासारखं आहे. प्रोग्रॅमचा मजकूर, जॉब चालवायच्या आज्ञांचं जेसीएल, कॉन्फिगरेशनची पानं हे सगळं ८० अक्षरांच्या ओळींत असतं, कारण पंचकार्डावर ८० रकाने होते. अशी प्रत्येक ओळ डिस्कवर सुटी लिहिली तर ३३९०च्या एका ट्रॅकवर फक्त ७८ ओळी मावतात. दोन नोंदींमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा बाकीचा ट्रॅक खाऊन टाकते. त्याच ओळी २७,९२० बाइटांच्या गठ्ठ्यांत बांधल्या, तर एका गठ्ठ्यात ३४९ ओळी, ट्रॅकवर दोन गठ्ठे, म्हणजे ६९८ ओळी बसतात. जवळजवळ नऊपट. २७,९२० हा आकडा जुन्या सिसप्रोगला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. आता गठ्ठ्याचं माप, म्हणजे ब्लॉकसाइज, शून्य लिहिलं की प्रणाली स्वतःच योग्य गठ्ठा ठरवते; पण ती ठरवते काल्पनिक ट्रॅकच्या मापानेच.

सुसंगतीचा हा हट्ट कुठवर जातो याचा माझा आवडता दाखला सिलिंडरच्या क्रमांकाचा आहे. ट्रॅकचा पत्ता चार बाइटांचा: दोन बाइट सिलिंडरला, दोन बाइट हेडला, म्हणजे सिलिंडरमधल्या ट्रॅकच्या क्रमांकाला. दोन बाइटांत सिलिंडरचा आकडा ६५ हजारांच्या थोडा पुढे जाऊन अडतो, म्हणून व्हॉल्यूमची, म्हणजे अशा एका डिस्कची, मर्यादा बरीच वर्षं ६५,५२० सिलिंडर होती, सुमारे ५५ गिगाबाइट. पत्ता लांब केला असता तर जगभरचे जुने प्रोग्रॅम मोडले असते. अभियंत्यांच्या लक्षात आलं, की सिलिंडरमध्ये ट्रॅक फक्त १५ आहेत, त्यामुळे हेडच्या १६ बिटांपैकी ४ बिट पुरतात आणि १२ बिट रिकामे पडून आहेत. २००८च्या झेड/ओएस १.१०मध्ये त्यांनी ते १२ बिट सिलिंडरच्या आकड्याला जोडले. पत्ता चार बाइटांचाच राहिला आणि व्हॉल्यूम २,६२,६६८ सिलिंडरपर्यंत वाढला, पुढे ११,८२,००६पर्यंत, म्हणजे एक टेराबाइटपर्यंत. जुन्या डेटासेटना, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फाइलींना, जुन्याच हद्दीत राहू दिलं. चालत्या घराची भिंत न पाडता खोली वाढवणं याहून सुबक मी पाहिलेलं नाही.

प्रत्येक व्हॉल्यूमला सहा अक्षरी नाव असतं, व्हॉलसर. ते शून्याव्या ट्रॅकवरच्या तिसऱ्या नोंदीत, ‘व्हॉल१’ या खुणेमागे लिहिलेलं असतं, आणि तिथेच व्हीटॉक कुठे आहे तेही सांगितलेलं असतं. व्हीटॉक म्हणजे त्या डिस्कचा सातबारा. कुठला डेटासेट कुठल्या सिलिंडरपासून कुठवर, मोकळी जागा कुठे, हे सगळं १४० बाइटांच्या उताऱ्यांत मांडलेलं. वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडावेत तसे डेटासेटचेही पडतात. पहिल्या उताऱ्यात तीन तुकड्यांना जागा असते, पुरवणी उताऱ्यात आणखी तेरांना, आणि साध्या सीक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ तुकड्यांपलीकडे जाता येत नाही. मध्यरात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत, एखादा जॉब ‘बी३७’ म्हणून पडतो, तेव्हा कारण बहुधा हेच असतं: जागा संपली किंवा तुकडे संपले.

नवी डिस्क घ्यायची तर आयसीकेडीएसएफ या साधनाने तिच्यावर लेबल आणि व्हीटॉक लिहावं लागतं. डिस्क आधी ऑफलाइन असावी लागते. मग कन्सोलवर प्रश्न येतो, की या व्हॉल्यूमवरचा मजकूर बदलायचा असेल तर ‘यू’ उत्तर द्या, नाहीतर ‘टी’. एका अक्षराचं उत्तर, पण त्यामागे कुणाची तरी पगाराची फाइल पुसली जाऊ शकते. म्हणून शहाणा सिसप्रोग ‘व्हेरिफाय’ लिहिल्याशिवाय हे काम करत नाही: डिस्कवर आत्ता अमुक नाव असेल तरच पुढे जा, नसेल तर थांब. ‘नोव्हेरिफाय’ लिहून वेळ वाचवणाऱ्याला मी डिस्कच्या जवळ फिरकू देणार नाही.

आता कोणता डेटासेट कुठल्या व्हॉल्यूमवर जाईल हे माणूस सहसा ठरवत नाही. डीएफएसएमएस ही स्टोरेज सांभाळणारी व्यवस्था आल्यापासून व्हॉल्यूम स्टोरेज ग्रुपांत बांधलेले असतात आणि डेटासेटचं नाव पाहून नियम त्याची जागा ठरवतात. बरेच दिवस कुणी न उघडलेला डेटासेट तिच्यातला एचएसएम हा भाग उचलून दाबून दुसरीकडे ठेवतो आणि कॅटलॉगमध्ये, म्हणजे कुठला डेटासेट कुठल्या व्हॉल्यूमवर याच्या यादीत, त्याच्या व्हॉल्यूमच्या जागी ‘मायग्रॅट’ एवढंच लिहितो. कुणी तो मागितला की परत आणून देतो. व्हॉल्यूम कमी पडले तर ग्रुपमध्ये आणखी घालायचे. इथे फारसं नाट्य नाही.

नाट्य आहे ते कॉन्फिगरेशनमध्ये. आयपीएलच्या वेळी ऑपरेटर डिस्कच्या पत्त्यासोबत आठ अक्षरांचा लोडपार्म देतो. पहिली चार अक्षरं म्हणजे ज्या डिस्कवर आयओडीएफ आहे तिचा पत्ता. आयओडीएफ ही यंत्राला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी. पुढची दोन कुठलं ‘लोड’ पान वाचायचं ते सांगतात. त्यानंतरचं एक अक्षर ऑपरेटरला किती विचारायचं ते ठरवतं आणि शेवटचं न्यूक्लियस, म्हणजे प्रणालीचा गाभा, निवडतं. लोड पानात मास्टर कॅटलॉग कुठे, कॉन्फिगरेशनची पानं ठेवणाऱ्या पार्मलिब कुठल्या आणि कुठल्या क्रमाने, कुठल्या आयईएसिस पानापासून सुरुवात करायची, हे असतं. आयईएसिस पुढच्या पानांची नावं देतं आणि ती पानं कन्सोल, अधिकृत लायब्ऱ्या, हिशोबाच्या नोंदी, युनिक्स सेवा असा एकेक विभाग उभा करतात. सगळं साध्या मजकुरात, माणसाला वाचता येईल असं.

लोड पान मात्र रकान्यांना बांधलेलं आहे. मास्टर कॅटलॉगच्या व्हॉल्यूमचं नाव १०व्या ते १५व्या रकान्यात, कॅटलॉगचं नाव २०व्यापासून. एक जागा सरकली की प्रणाली उठत नाही, आणि त्या टप्प्यावर अजून प्रणालीचा स्वतःचा कन्सोलही जिवंत नसतो, त्यामुळे चूक सांगणारा संदेश येत नाही. यंत्र ‘वेट स्टेट’मध्ये जाऊन स्तब्ध होतं आणि व्यवस्थापन कन्सोलवर फक्त तीन आकडी हेक्साडेसिमल कोड दिसतो. बँकेचे सगळे व्यवहार थांबलेले, आणि समोर तीन अक्षरं.

म्हणूनच या मंडळींच्या सवयी पक्क्या आहेत. चालतं लोड पान कुणी बदलत नाही. त्याची प्रत दुसऱ्या क्रमांकाने करतात, बदल तिच्यात करतात आणि लोडपार्ममध्ये नवा क्रमांक देतात. बिघडलं तर दोन अक्षरं बदलून पुन्हा लोड करायचं. आयओडीएफचंही तसंच: नवी यादी नव्या क्रमांकाने, जुनी जागेवर. आयबीएमकडून आलेल्या सिस१.पार्मलिबला हात लावत नाहीत. स्वतःची पार्मलिब यादीत तिच्या आधी ठेवतात. आणि कुठेतरी एका वेगळ्या व्हॉल्यूमवर एक लहानशी आणीबाणीची प्रणाली तयार असते, जिच्यावरून उठून बिघडलेलं पान दुरुस्त करता येतं.

या रीतीचं सर्वांत देखणं रूप सिसरेसच्या जोडीत दिसतं. प्रणालीवर दुरुस्त्या चढवायच्या असतात, पण चालत्या सिसरेसवर त्या कधीच चढवत नाहीत. तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या व्हॉल्यूमवर, वेगळ्या नावाने करतात, कारण एकाच व्हॉलसरच्या दोन डिस्क एकाच वेळी ऑनलाइन राहू शकत नाहीत. त्या प्रतीवर एसएमपी/ई हे साधन दुरुस्त्या चढवतं. ते प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवतं, कुठल्या दुरुस्तीला आधी कुठली लागते हे पाहतं, आणि ‘अप्लाय’ केलेली दुरुस्ती ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलेली नसेल तर मागेही घेऊ देतं. ठरलेल्या रात्री नव्या डिस्कवरून आयपीएल होतं. जुनी तशीच शेजारी उभी असते.

आता प्रश्न येतो कॅटलॉगचा. प्रणालीचे डेटासेट कुठल्या व्हॉल्यूमवर आहेत हे मास्टर कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं. सिसरेस बदलली तर त्या शेकडो नोंदी बदलायच्या का? तर नाही. तिथे व्हॉलसरच्या जागी सहा फुल्या लिहिलेल्या असतात. त्यांचा अर्थ: ज्या डिस्कवरून आत्ता उठलो, तीच. एकच कॅटलॉग, जुनी सिसरेस असो की नवी, दोघींना चालतो. सिसप्लेक्समध्ये ३२पर्यंत प्रणाली एकत्र काम करतात. तिथे एकेक प्रणाली नव्या डिस्कवर आणली जाते आणि बाकीच्या काम पेलत राहतात. ग्राहकाला काही कळतही नाही.

या कामाशी महाराष्ट्राचं नातं खरं आहे, पण उशिरा जुळलेलं. परकीय चलन कायद्यामुळे १९७८ साली आयबीएम भारतातून गेली आणि १९९२मध्ये टाटांच्या भागीदारीत परतली. इथल्या मुलांचे हात मोठ्या संख्येने मेनफ्रेमला लागले ते १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, सन २०००च्या तारखांची दुरुस्ती करताना, मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात. तेव्हा काम कोबोल प्रोग्रॅम तपासण्याचं होतं. सिस्टीमचं काम हळूहळू आलं, कारण परक्या बँकेच्या सिसरेसची किल्ली कुणी पहिल्याच दिवशी देत नाही. आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी पहाटे दोनला आयपीएल असतं, तेव्हा पुण्यात दुपार होत आलेली असते, आणि हिंजवडीत किंवा घरच्या टेबलावर बसलेली कुणी मुलगी कन्सोलवरचे संदेश वाचत असते. ज्यांनी ही मांडणी घडवली ती पिढी तिकडे निवृत्त होते आहे. ती जबाबदारी इथे येते आहे, आणि इथल्या मंडळींनी ती मिळवली आहे.

त्यांना शिकवताना एक गोष्ट राहून जाते असं मला वाटतं. त्यांना पुढे जायला शिकवतात: नवी आवृत्ती चढवा, नवी पानं लिहा, झेड/ओएसएमएफ या साधनाच्या पायऱ्यांनी चला. मागे येण्याचा सराव क्वचितच होतो. जुनी सिसरेस शेजारी उभी आहे, एवढ्याने परत येता येतंच असं नाही. आयबीएम एका आवृत्तीसोबत तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या नांदू देते, त्यापलीकडे नाही, आणि तेही जुन्या आवृत्तीवर नव्याला सोसण्याच्या दुरुस्त्या आधीच चढवलेल्या असतील तर. सिसरेस वेगळी असली तरी कॅटलॉग, जॉबच्या रांगा, सिसप्लेक्सचे सामायिक डेटासेट दोन्हींचे तेच असतात. जॉबच्या रांगा सांभाळणाऱ्या जेईएस२चा चेकपॉइंट, म्हणजे त्या रांगांची नोंद, ‘अ‍ॅक्टिव्हेट’ आज्ञेने नव्या स्वरूपात नेला, की फार जुनी आवृत्ती तो वाचू शकत नाही. आणि ही आज्ञा लोक सगळं सुरळीत झाल्याच्या आनंदात, पहिल्याच आठवड्यात देऊन टाकतात. ती महिनाअखेरची बॅच एकदा पार पडेपर्यंत थांबवावी. आणि नव्या माणसाला चाचणीच्या प्रणालीवर आधी नव्या सिसरेसवर न्यावं, दोन दिवस काम करू द्यावं, मग कुणाच्या मदतीशिवाय जुन्या सिसरेसवर परत आणायला सांगावं. त्यानंतरच त्याला खऱ्या प्रणालीचा लोडपार्म हाती द्यावा.