लिंबू-मिरची नव्हती, अन् स्टेपनीत हवाही नव्हती!

२०११ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकला आमच्या भाचीचा साखरपुडा होता. वेळ दुपारी साडेबाराची. मुलीला वडील नाहीत. बोलणी सगळी आम्ही मामा-मामींनीच केलेली. त्यामुळे वेळेवर पोहोचणे भागच होते.

सकाळी सातला कल्याणहून निघायचे ठरले. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली मारुती ८००. किल्ली फिरवली तर नुसता ‘टक्’ असा आवाज, आणि गाडी गप्प! बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. चाळीतल्या मुलांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “निघतानाच नाट लागला बघा. लिंबू-मिरची तरी बांधा!” आम्ही हसलो. असले काही आमच्या गाडीला कधीच नव्हते आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता.

शहापूरच्या पुढे मागचे चाक बसले. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा निम्मीच. वर्षभरात तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते! पंक्चरवाल्यापर्यंत गाडी रखडत नेली. तासभर गेला. नव्या सदऱ्याला काळे डाग पडले, पेढ्यांच्या पुड्यावर पाण्याची बाटली कलंडली.

कसारा घाटात लाल दिवा लागला आणि इंजिन तापल्याचा काटा चढू लागला. बोनेट उघडले तर पट्टा तुटलेला. या गाडीत पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर फिरतात. पाणी ओतावे म्हणून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच एक ट्रकचालक ओरडला, “दादा, हात नका लावू! तोंड भाजेल.” तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी दाबाखाली असते. झाकण उघडताच ते वाफेसह उसळते. त्याच भल्या माणसाने इगतपुरीपर्यंत नेऊन मेकॅनिक गाठून दिला. पैसे देऊ केले तर म्हणाला, “भाचीचं कार्य आहे ना? मग पैसे कसले!”

नाशिकला पोहोचायला साडेतीन वाजले. पाहुण्यांची जेवणे उरकली होती. पण “मामा आल्याशिवाय अंगठी घालून घेणार नाही,” म्हणून भाची अडून बसली होती. मुलाकडच्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

रात्री आम्ही दोघांनी हिशेब मांडला. भुकटी साचलेली दिसत होती, ती पुसली नव्हती. पट्ट्याला चिरा गेल्याचे मेकॅनिकने दिवाळीतच सांगितले होते. आम्ही ‘पुढच्या पगाराला बघू’ म्हटले होते. नाट नव्हताच, होती ती आमची हयगय! लिंबू-मिरची बांधली नाही, एवढ्याने माणूस विवेकी होत नाही. कारण शोधायचे तर ते घडण्याआधी शोधावे लागते.

मारुती ८०० ची निर्मिती २०१४ साली थांबली. आमचीही कधीच गेली. पण नियम राहिला. महिन्यातून एकदा स्टेपनीसकट पाचही चाकांची हवा पाहायची, इंजिन थंड असताना पाणी पाहायचे, पट्टा आणि बॅटरीची टोके तपासायची. भगिनींनो, हे काम फक्त ‘त्यांचे’ समजू नका. आमच्या घरी हवा कोण तपासते, ते आमच्या भाचीला विचारा. “मामी!” असेच उत्तर मिळेल.