पन्नास हजारांतले हातात किती?

ऑफर लेटरवर वर्षाला सहा लाख. म्हणजे महिन्याला पन्नास हजार? थांबा, पेढे जरा बेतानं वाटा.

समजा, बेसिक पंचवीस हजार आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, कंपनी तुमच्या पीएफमध्ये भरते. पण बहुतेकदा तेही या पन्नास हजारांतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, सुमारे १,२०२ रुपये, तेही त्यातच. ही ग्रॅच्युइटी मिळणार साधारण पाच वर्षं टिकलात तर! उरले ४५,७९८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ४२,५९८.

फेब्रुवारीत आणखी शंभर कमी दिसतील. पगारपत्रक चुकलेलं नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार व्यवसाय कर वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. अकरा महिने दोनशे घेतले की होतात २,२००. उरलेले तीनशे महाराष्ट्र फेब्रुवारीत वसूल करतो. महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना मात्र हा कर माफ आहे.

आयकर? २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पगाराचं वार्षिक उत्पन्न पावणेतेरा लाखांपर्यंत असेल, तर शून्य.

घराचा हप्ता ठरवताना ४२,५९८ हाच आकडा धरा.